मेकॅनिकचा आधारमंच
आधारमंच हे वाहनाच्या इंजिनावर वरून काम करणाऱ्या मेकॅनिकच्या शरीराचा भार पेलणारे साधन आहे. चाके असलेल्या लोखंडी सांगाड्याला पायऱ्या असतात आणि वर पुढे झुकलेली, गादी लावलेली फळी असते. दांड्यांच्या भोकांत खीळ अडकवून फळीची उंची कमीजास्त करतात. मेकॅनिक पायरीवर उभा राहून छाती फळीवर टेकवतो. त्यामुळे कमरेवरचा ताण कमी होतो व दोन्ही हात मोकळे राहतात.

जीप, पिकअप किंवा पुढे बॉनेट असलेला ट्रक अशा उंच वाहनांसाठी हा मंच विशेष उपयोगी ठरतो. तो नसल्यास बंपरवर चढून किंवा मडगार्डवर ओणवे होऊन काम करावे लागते. महाराष्ट्रातील लहान गॅरेजांत तीच पद्धत अधिक रूढ आहे. सर्वच वाहनांना मात्र मंच चालत नाही. एसटीच्या पुढे इंजिन असलेल्या बसमध्ये इंजिन चालकाशेजारी झाकणाखाली असते. त्याची दुरुस्ती बसच्या आतून आणि आगारातील खड्ड्यात उतरून खालून केली जाते.

हा मंच माणसासाठी आहे. जॅकने उचललेल्या वाहनाचा भार त्यावर देत नाहीत, त्यासाठी घोडीच लागते. फळीवर पालथ्या असलेल्या माणसाला चटकन मागे सरता येत नाही. म्हणून चाकांना आधी अटकाव घालतात, बॉनेटचा टेकू तपासतात आणि सैल कपडे टाळतात. रेडिएटरचा विजेवरील पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. त्यामुळे त्याच्याजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवतात.