कोंबडीचं खाणं आणि बाबांचं सोयाबीन

उदगीरला आमच्या आजीच्या गावरान कोंबड्या ज्वारीच्या कण्यांवर नि उकिरड्यातल्या किड्यांवर वाढायच्या. मी परसात २० ब्रॉयलर पिल्लं आणली, त्याच कण्या टाकल्या. वजन वाढेना! दीड महिन्यात दोन किलो व्हायला मक्यासोबत भरपूर प्रथिनं लागतात. ती येतात सोयापेंडीतून, म्हणजे तेल काढून उरलेल्या सोयाबीनमधून.

मग २०२१ आठवलं. पेंड महागली म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली. ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलेलं सोयाबीन नवा माल येईपर्यंत निम्म्यावर आलं. बाबांचं पीक तेव्हा शेतातच होतं.

आज पेंड स्वस्त मिळाली की मला बरं वाटतं. बाबांना मात्र सांगत नाही.