चाकाखालची माती

टायरला मराठी शब्द कोणता, असे विचारले तर बहुतेक मंडळी विचारात पडतील. शब्द आहे, आणि चांगला जुना आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवलेली असते तिला 'धाव' म्हणतात. लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान वळवत असे. गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद तापली की ती जराशी वाढे. मग दोघे-तिघे सांडशीने धरून ती चाकावर बसवत आणि वरून पाणी ओतत. लोखंड आकसले की चाकाचे सगळे तुकडे जागच्या जागी आवळले जात. भोकरदनच्या बाजाराला येणाऱ्या गाड्या आमच्या लहानपणी अशा धावांवरच येत. धाव कधी पंक्चर होत नाही, हा तिचा मोठा गुण. पण रस्त्यातला प्रत्येक दगड ती जशाच्या तसा गाडीवानाच्या मणक्यापर्यंत पोचवते, आणि रस्ताही कापून काढते.

हे सगळे मनात यायला निमित्त झाले ते माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवाचे. तो पुण्याला असतो, बारावीत आहे आणि माउंटन बाइकच्या शर्यतीत उतरतो. गेल्या वर्षी एका स्पर्धेत तो शेवटच्या फेरीपर्यंत तिसरा होता, आणि तिथे मागचे चाक बसले. दगडाच्या धारेने टायरची बाजू चिरली गेली होती. यंदा निवड चाचणी आहे आणि पुढच्या वर्षी तो ज्युनिअर गटातून बाहेर जाईल. घरून एकाच जोडीचे पैसे मिळणार आहेत. त्याने मोबाइलवर सात-आठ टायरांचे फोटो पाठवले आणि विचारले, "आजोबा, तुम्ही इतिहासाचे मास्तर. एवढ्या प्रकारांची गरज काय आणि यातला घेऊ कोणता?"

मी शर्यतीत कधी सायकल चालवलेली नाही. पण मुलगा मास्तर म्हणून विचारतोय म्हटल्यावर धडा नीट तयार करायला हवा. तोच इथे लिहितो आहे.

आधी हवा. रॉबर्ट विल्यम थॉम्सन या स्कॉटिश माणसाने हवेच्या टायरचे पेटंट १८४५ मध्येच घेतले होते, तेही घोडागाडीसाठी. पण ते महाग पडले आणि लोक विसरून गेले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी पुन्हा तीच युक्ती शोधून काढली. तोवर सायकलींना भरीव रबर असे. १८८९ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम हा स्वार फुगीर टायरांची सायकल घेऊन उतरला. लोक हसले, आणि त्याने शर्यती जिंकल्या! हरलेल्यांत डब्लिनच्या हार्वे ड्यू क्रॉस यांची मुले होती. या ड्यू क्रॉस यांनीच पुढे डनलॉपच्या शोधावर कंपनी उभी केली. म्हणजे हवेचा टायर जगात आला तो आरामासाठी, आणि त्याचे नाव झाले ते शर्यतीमुळे.

एक अडचण मात्र राहिली. हे टायर रिमला चिकटवलेले असत. पंक्चर झाले की तासन् तास खोळंबा. फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये काढता-घालता येणारा टायर केला. त्याच वर्षी पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला येण्याची सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेरोंने ती मिशेलिनच्या टायरवर, ७२ तासांच्या आत जिंकली. त्याचे टायर काही फुटत नव्हते असे नाही. ते लवकर दुरुस्त होत होते. पुढच्याच वर्षी मिशेलिननी पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ शर्यत भरवली आणि वाटेत मुद्दाम खिळे पसरले. आमच्या टायरची दुरुस्ती किती सोपी आहे ते लोकांना दिसू दे, असा हिशेब!

आमच्या मराठवाड्यात खिळे पसरायची गरज कधीच पडली नाही. ते काम सराटा करतो. शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला जमिनीसरपट पसरणारे, पिवळ्या फुलांचे हे रोपटे सगळ्यांनी पाहिले असेल. काही भागांत याला गोखरू म्हणतात आणि आयुर्वेदात ते औषध म्हणून प्रसिद्ध आहे. शास्त्रीय नाव ट्रायब्युलस टेरेस्ट्रिस. त्याचे वाळलेले फळ कसेही पडले तरी एक काटा आकाशाकडे राहतोच. घोडदळ अडवायला वाटेवर जे लोखंडी काटे टाकत त्यांनाही आपल्याकडे गोखरूच म्हणत, आणि लॅटिनमधल्या 'ट्रायब्युलस'चा अर्थही तोच. हेच रोपटे पुढे अमेरिकेत जाऊन पसरले आणि तिथल्या लोकांनी त्याचे नावच 'पंक्चरवेल' ठेवले. वाचून मला मोठी मौज वाटली.

आमच्या पिढीची सायकल म्हणजे काळी, उंच, मागे कॅरिअर असलेली. तिचा टायर अठ्ठावीस बाय दीड. मुलाला शाळेत नेणे, दुधाच्या किटल्या, कडब्याची पेंढी, दळणाचा डबा, हे सगळे त्याच टायरवर. निवडीचा प्रश्नच नव्हता. दुकानात एकच माप मिळे आणि ओझे पेलणे व चार वर्षे टिकणे एवढीच त्याची परीक्षा. सायकलवाला ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचा, कानशीने घासून सोल्यूशन लावायचा. व्हॉल्व्हवरच्या बारीक रबरी नळीला आम्ही 'वालट्यूब' म्हणत असू. ती सडली की सगळी हवा फुस्स. सराट्याच्या दिवसांत एकेका ट्यूबवर आठ-दहा ठिगळे असत.

दुसरा शत्रू काळी माती. उन्हाळ्यात हिला भेगा पडतात, आणि पहिल्या पावसानंतर ही टायरला अशी चिकटते की दहा पावलांत टायर आणि मडगार्ड यांच्यामधली जागा भरून चाक फिरेनासे होते. मग काडी घेऊन माती कोरायची, पुन्हा दहा पावले. शेवटी सायकलवर बसायचे सोडून सायकलच खांद्यावर घ्यायची. खेड्यातून येणारी माझी कितीतरी मुले जुलैमध्ये अशी, सायकल खांद्यावर आणि दप्तर गळ्यात, शाळेत पोचत.

तिसरा प्रकार मुरूम. खाली घट्ट जमीन आणि वर सुटे खडे. सरळ जाताना झकास, पण वळणावर पुढचे चाक कधी निसटेल सांगता येत नाही.

तिन्ही प्रकार भोकरदनपासून दहा किलोमीटरच्या आत सापडतात, आणि टायर मात्र एकच होता.

आता डोंगरी सायकलीकडे येऊ. तिचा जन्मही टायरमुळेच झाला. अमेरिकेत १९३३ मध्ये श्विन कंपनीने मुलांच्या सायकलींसाठी दोन इंचांहून थोडे जाड, फुगीर टायर आणले. मंदीच्या काळात विक्री वाढावी, एवढाच हेतू. चाळीस-एक वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या मॅरिन परगण्यातल्या काही तरुणांनी या जुन्यापान्या सायकली भंगारातून उचलल्या आणि डोंगराच्या कच्च्या वाटांवरून खाली सोडायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ ला फेअरफॅक्स गावाजवळ त्यांची 'रिपॅक' नावाची शर्यत प्रथम झाली. उतारावर मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि दर खेपेला ते नव्याने भरावे लागे, म्हणून हे नाव. पहिल्या शर्यतीत ॲलन बाँड्स जिंकला. बाकी सगळे वाटेत कुठे ना कुठे पडले, हा पडला नाही. पुढे जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली या मंडळींनी त्या जाड टायरांना शोभतील अशा नव्या सायकलीच बांधल्या.

पुढचा प्रवास भराभर झाला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. १९९९ च्या सुमारास ट्यूबलेस टायर आले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यारोस्लाव्ह कुल्हावीने एकोणतीस इंची चाकांवर सुवर्णपदक जिंकले आणि जुने सव्वीस इंची चाक मागे पडले.

आपल्याकडे शर्यत म्हटली की मुंबई-पुणे. बोरघाट चढताना पहिला येणारा तो 'घाटाचा राजा'. तिथे बारीक टायर आणि टणक हवा हाच नियम होता. गंमत म्हणजे गेल्या काही वर्षांत रस्त्यावरच्या शर्यतीतही तेवीस मिलिमीटरचे टायर जाऊन अठ्ठावीसचे आले आणि हवाही कमी झाली. खडबडीत डांबरावर फार टणक टायर उड्या मारतो आणि त्यात शक्ती वाया जाते, हे मोजून कळले. जाड टायरची सायकल आमच्याकडे 'रेंजर' म्हणून आली. पुढे हिमाचलात २००५ पासून एमटीबी हिमालय ही शर्यत सुरू झाली, आणि २०२३ मध्ये आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळात पोनमुडीला भरली. आपल्या संगमनेरच्या प्रणिता सोमणने या खेळात राष्ट्रीय पदके मिळवली आहेत. म्हणजे खेळ आता परका राहिलेला नाही. टायर मात्र बहुतेक परदेशी जंगलांचा विचार करून बनतात आणि वेष्टनावर 'सर्व प्रकारच्या वाटांसाठी' असे छापलेले असते.

माझ्या समजुतीप्रमाणे टायर म्हणजे चार गोष्टींचा सौदा. पहिली, दाते. मधले दाते बुटके आणि जवळजवळ असले की टायर घट्ट जमिनीवर पळतो. उंच आणि विरळ असले की चिखलात रुततो आणि माती झटकूनही टाकतो. कडेचे दाते वळणावर धरून ठेवतात. दुसरी, रबर. मऊ रबर पकड देते पण लवकर झिजते. तिसरी, कापड, म्हणजे टायरची बाजू. पातळ असेल तर वजन कमी, पण धारदार दगड तिला चिरतो. चौथी, हवा, आणि हिला पैसे पडत नाहीत. आमच्या काळ्या सायकलीत चाळीस-पन्नास पौंड हवा असे. साठ-पासष्ट किलोचा मुलगा ट्यूबलेस टायरात वीस ते पंचवीस पौंडांवर धावतो. कमी हवेने टायर खड्यांवर पसरतो आणि धरतो. फारच कमी झाली तर रिम दगडावर आपटते. ट्यूब असेल तर अशा आपटण्याने शेजारी शेजारी दोन भोके पडतात, साप चावल्यासारखी.

चिरंजीवांनी निवडलेला टायर यादीतला सर्वात हलका होता. शर्यत म्हणजे हलके, हे त्याच्या डोक्यात पक्के बसले आहे. मी त्याला तेरों आणि ॲलन बाँड्स यांची आठवण करून दिली. एकाचे टायर लवकर दुरुस्त झाले, दुसरा पडला नाही. दोघांनीही आधी शर्यत पुरी होईल याची सोय केली होती. वजनातले दीडशे ग्रॅम चढावर थोडे सेकंद देतात. चिरलेली बाजू अख्खे वर्ष घेऊन जाते.

म्हणून माझा सल्ला असा. चाचणी मुरमाच्या टेकडीवर आहे, तेव्हा मुरमासाठी घे. पुढचे चाक दिशा देते आणि ते निसटले तर माणूस पडतोच, म्हणून पुढे कडेला उंच दाते आणि जरा मऊ रबर, रुंदी सव्वादोन इंचांच्या आसपास. मागे मधले दाते बुटके, म्हणजे वेग राहील, पण बाजू मजबूत. दोन्ही ट्यूबलेस, आत सीलंट. सराट्याचे बारीक भोक ते जागच्या जागी बुजवते. सराट्याचा काटा दिसला तरी वाटेत उपटू नको, घरी येऊन काढ. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळते, दोन-तीन महिन्यांनी उघडून बघावे. चिरलेल्या बाजूवर सीलंटची मात्रा चालत नाही, म्हणून कापडाच्या मजबुतीत काटकसर नको. आदल्या दिवशी मार्गावरून सायकल घेऊन सावकाश फिर, आणि हवा दोन पौंड इकडे-तिकडे करून बघ. पाऊस पडून चिखल झाला तर विरळ दात्यांचा, जरा अरुंद टायर कुणा मित्राकडून उसना मिळतो का ते आधीच विचारून ठेव. आणि दिवाळीत इकडे आलास नि काळी माती ओली असेल, तर सराव एक दिवस पुढे ढकल. त्या मातीत टायर निवडायचा नसतो, दिवस निवडायचा असतो.

त्याने सगळे ऐकून घेतले आणि "मागचा मजबूत घेतो, पण पुढचा हलकाच" एवढे कबूल केले. पुढच्या टायरवरून आमची बोलणी अजून चालू आहेत.

वाचकांत कुणी या शर्यती धावलेले असतील, किंवा कुणाची मुले-नातवंडे धावत असतील, तर त्यांनी पुढच्या टायरबद्दल जरूर लिहावे. मी प्रतिसाद त्याला वाचून दाखवणार आहे. आणि हो, तुमच्या भागात सराट्याला काय म्हणतात तेही कळवा.