लिनक्स प्रणालीतील पॅकेजांचे परस्परावलंबन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणक प्रणालीची नवी आवृत्ती बसविल्यानंतर सुरळीत चाललेले काम बंद पडणे, हा अनुभव लिनक्स वापरणाऱ्या महाविद्यालयांना नवीन नाही. उस्मानपुरा परिसरातील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत 2013 साली डेबियन 6 वरून डेबियन 7 वर जाताना निम्म्या यंत्रांवर पॅकेजांची साखळी तुटली. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती. त्या रात्रीच्या दुरुस्तीच्या निमित्ताने प्रस्तुत लेखात या प्रश्नाची पार्श्वभूमी पाहिली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
लिनक्समध्ये एकच सामायिक लायब्ररी अनेक प्रोग्राम वापरतात. त्यामुळे जागा वाचते व सुरक्षेची दुरुस्ती एकाच ठिकाणी करता येते. परंतु ती लायब्ररी बदलली की तिच्यावर विसंबणारे सर्वच अडचणीत येतात. जुलै 1998 मधील डेबियन 2.0 ने सी भाषेची मूलभूत लायब्ररी लिबसी 5 वरून लिबसी 6 वर नेली. पॅकेजे बसविण्याचा क्रम चुकल्यास प्रणालीच अडून बसेल, म्हणून ऑटोअप नावाची स्वतंत्र आज्ञावली द्यावी लागली. डीपीकेजी हे साधन अमुक पॅकेज नाही एवढे सांगे, ते आणून देत नसे. मार्च 1999 मधील डेबियन 2.1 सोबत आलेल्या एपीटीने ही उणीव भरून काढली. तरीही प्रश्न संपला नाही. एखादे पॅकेज बसू शकेल की नाही हे ठरविणे एनपी-पूर्ण वर्गातील कठीण प्रश्न असल्याचे युरोपातील ईडॉस प्रकल्पाच्या संशोधकांनी 2006 साली दाखवून दिले. तेव्हा सर्व दोष साधनाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

दुरुस्तीची प्रक्रिया :
सदर प्रयोगशाळेत दोष आमचाच होता. एका प्रोग्रामसाठी बाहेरचे भांडार जोडले होते व त्यातील लायब्ररी डेबियनच्या लायब्ररीशी जुळत नव्हती. प्रथम ते भांडार बंद करून पॅकेजांची यादी ताजी केली. नंतर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ या आज्ञेने अर्धवट राहिलेली पॅकेजे मार्गी लावली आणि शेवटी ‘एपीटी-गेट -एफ इन्स्टॉल’ चालविले. ही शेवटची आज्ञा गरज पडल्यास पॅकेजे काढूनही टाकते. तिची यादी न वाचता ‘होय’ म्हटल्याने एका यंत्रावरील मराठी टंकलेखनाची सोय गेली. (आपल्याकडे सूचना वाचण्याचा कंटाळा विद्यार्थ्यांइतकाच अध्यापकांनाही असतो.)

मराठीपुरते पाहता ही बाब क्षुल्लक नाही. फेब्रुवारी 2009 मधील डेबियन 5 च्या स्थापना-प्रक्रियेत मराठीचा समावेश झाला. देवनागरी फॉन्टच्या पॅकेजांची नावेही पुढे बदलली. अशा वेळी जुन्या नावाचे एक रिकामे पॅकेज ठेवून त्याद्वारे नवे पॅकेज आणले जाते. हा दुवा निसटला तर मजकूर शाबूत असूनही पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. आमच्या त्या यंत्रावर फॉन्ट शाबूत होते, टंकलेखनाचे पॅकेज मात्र पुन्हा बसवावे लागले. विद्यार्थ्यांच्या धारिकांना धक्का लागला नव्हता, कारण पॅकेज काढले तरी वापरकर्त्याच्या निर्देशिकेला हात लावला जात नाही. पहाटेपर्यंत दोन यंत्रे वगळता सर्व सुरू झाली आणि परीक्षा दोन तुकड्यांत घेण्यात आली.