झुरळांचे आमिष : गंध, चव आणि विष यांचे शास्त्र

घरातील झुरळांच्या बंदोबस्तासाठी फवारणीऐवजी आमिषाचा, विशेषतः जेलचा वापर गेल्या काही दशकांत जगभर वाढला आहे. भारतात फिप्रोनिल ०.०५ टक्के आणि इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के ही जेल त्यासाठी वापरली जातात. यांपैकी फिप्रोनिलच्या १०० ग्रॅम जेलमध्ये प्रत्यक्ष विष केवळ ५० मिलिग्रॅम असते. उरलेला जवळजवळ सर्व भाग पाणी, साखर, पिष्टमय व स्निग्ध पदार्थ, जेल ओलसर ठेवणारी आणि ती टिकवणारी द्रव्ये यांचा असतो. झुरळाला आमिषाकडे आणणे आणि ते पोटभर खायला लावणे हे काम या भागाकडे असते. झुरळाने आमिष तोंडात घेतलेच नाही, तर त्यातील विष कितीही प्रभावी असले तरी निरुपयोगी ठरते.

हा प्रश्न केवळ किळस येण्यापुरता मर्यादित नाही. झुरळांची विष्ठा, लाळ आणि शरीराचे सूक्ष्म कण घरातील धुळीत मिसळतात. त्यांतील प्रथिनांमुळे अनेकांना, विशेषतः लहान मुलांना, दम्याचा त्रास होतो. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात दम्याने पीडित १०२ मुलांच्या घरी करण्यात आलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या घरांत योग्य प्रकारे आमिष ठेवण्यात आले, तेथील झुरळे तर कमी झालीच, शिवाय मुलांना दम्याची लक्षणे जाणवण्याचे दिवसही घटले. आमिष का खाल्ले जाते आणि का नाकारले जाते, या प्रश्नाचा संबंध अशा रीतीने थेट आरोग्याशी पोहोचतो.

मूळ भारतीय उपखंडाच्या परिसरातले

स्वयंपाकघरातील कपाटे, शेगडीमागची जागा, शीतकपाटाचे कोपरे अशा ठिकाणी वावरणारे लहान, फिकट तपकिरी झुरळ 'जर्मन झुरळ' या नावाने ओळखले जाते. आमिषासंबंधीचे बहुतांश संशोधन याच प्रजातीवर झाले आहे. गटारे आणि मोऱ्यांतून येणारे मोठे, तांबूस झुरळ हे 'अमेरिकन झुरळ' होय.

स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७६७ मध्ये जर्मन झुरळाचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्यास जर्मनीचे नाव मिळाले. मात्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधनात १७ देशांतील २८१ झुरळांच्या जनुकांची तुलना करण्यात आली. त्यानुसार ही प्रजाती सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आशियाई झुरळापासून उत्क्रांत झाली आणि सुमारे १,२०० वर्षांपूर्वी पश्चिमेकडे पसरू लागली. आशियाई झुरळ आजही घराबाहेर, पालापाचोळ्यात राहते. जर्मन झुरळ मात्र पूर्णतः मानवी वस्तीवर अवलंबून आहे. माणसाच्या घरातील अन्न हेच त्याचे अन्न असल्याने माणसाने आमिषात केलेल्या बदलांना प्रतिसाद देण्याची क्षमता त्याच्या अंगी आली असल्यास नवल नाही.

आकर्षक द्रव्ये आणि भक्षण-उद्दीपके

आमिषातील सहायक द्रव्यांची दोन गटांत विभागणी केली जाते. पहिला गट आकर्षक द्रव्यांचा. ही द्रव्ये हवेत मिसळतात, झुरळाच्या मिशांवरील गंधग्राही पेशी त्यांची नोंद घेतात आणि झुरळ गंधाच्या दिशेने चालू लागते. दुसरा गट भक्षण-उद्दीपकांचा. मुखाजवळील अवयव आमिषाला प्रत्यक्ष लागल्यावरच ही द्रव्ये परिणाम करतात. एक घास घेतल्यानंतर झुरळाने पुढचा घास घ्यावा, हे त्यांचे कार्य असते.

दोन्ही गट परस्परपूरक असले तरी परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत. गंध उत्तम, परंतु चव नकोशी असेल तर झुरळ आमिषाजवळ येऊन परत जाते. चव उत्तम, परंतु आमिष वाटेवर नसेल तर ते सापडतच नाही. आमिषाचा गंध फार दूरवर पोहोचत नाही. त्यामुळे आमिष लपण्याच्या जागेजवळ ठेवणे अत्यावश्यक ठरते.

माल्टोज, सुक्रोज, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज या शर्करा प्रमुख भक्षण-उद्दीपके मानल्या जातात. त्यांच्या जोडीला प्रथिने, पीठ आणि तेल यांचा उपयोग होतो. जेलमधील पाणी हेही एक आकर्षण आहे. जर्मन झुरळ अन्नापेक्षा पाण्यावाचून लवकर मरते, त्यामुळे कोरड्या जागी ओलसर जेल त्यास अधिक हवेसे वाटते. सुकलेली जेल याच कारणाने निकामी होते.

काही आमिषांत लहान मुलांनी ते गिळू नये म्हणून डेनाटोनियम हे अतिशय कडू द्रव्य मिसळले जाते. माणसाला त्याचा कण जिभेवर ठेवणेही असह्य होते. मात्र तेवढ्या अल्प प्रमाणाने झुरळाचे खाणे थांबत नाही. माणसाची आणि कीटकाची चव एक नसते, याचा हा व्यावहारिक उपयोग होय.

घरगुती गोळ्यांपासून जेलपर्यंत

आमिषाचे तत्त्व मराठी घरांना नवे नाही. बोरिक पावडर, कणीक, साखर आणि थोडे दूध एकत्र मळून केलेल्या गोळ्या कपाटांच्या कोपऱ्यांत ठेवण्याची पद्धत पूर्वापार आहे. या गोळ्यांत कणीक आणि साखर ही उद्दीपके, तर बोरिक आम्ल हे पोटात गेल्यावर सावकाश परिणाम करणारे विष असते. उत्तर कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये साखर आणि बोरिक आम्ल यांचे पाण्यातील द्रावण झुरळांविरुद्ध परिणामकारक ठरत असल्याचे दाखवून दिले. अर्थात, बोरिक पावडर लहान मुलांनाही घातक असल्याने अशा गोळ्या त्यांच्या हाती लागणार नाहीत, याची दक्षता आवश्यक आहे.

१९८०च्या दशकात अमेरिकेत हायड्रामेथिलनॉन या संथ विषाची आमिषे बाजारात आली. विष संथ असण्याचे दोन लाभ होते. झुरळ खाणे अर्ध्यावर सोडत नसे आणि मरण्यापूर्वी आपल्या दडण्याच्या जागी परतत असे. तेथे त्याची विष्ठा खाणारी पिल्लेही विषबाधेने मरत असल्याचे १९९१ मधील संशोधनातून स्पष्ट झाले. स्वतः आमिषापर्यंत न पोहोचणाऱ्या झुरळांचाही अशा रीतीने नाश होतो.

कामगंध आणि समूहगंध

कापसावरील बोंडअळीसाठी लावले जाणारे कामगंध सापळे शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. झुरळांच्या बाबतीतही असा गंध वापरता येईल का, याचा शोध दीर्घकाळ चालला. नेदरलँड्समधील संशोधकांनी अमेरिकन झुरळाच्या सुमारे ७५,००० माद्यांपासून पेरिप्लानोन-बी हे द्रव्य वेगळे केले. हाती आले ते केवळ २०० मायक्रोग्रॅम. त्याची रचना निश्चित झाल्यानंतर १९७९ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ क्लार्क स्टिल यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. जर्मन झुरळाच्या मादीचा कामगंध ओळखण्यास मात्र २००५ साल उजाडावे लागले. त्यास ब्लाटेलाक्विनोन असे नाव देण्यात आले. झुरळांनी भरलेल्या एका वराहपालन केंद्रात केलेल्या चाचणीत नर या द्रव्याकडे खेचले गेले.

या गंधाची मर्यादा अशी की, तो केवळ प्रौढ नरांना बोलावतो. झुरळांची संख्या वाढते ती माद्यांमुळे. जर्मन झुरळाची मादी एका वेळी साधारणतः ३० ते ४० अंड्यांची पेटी शरीराला चिकटवून फिरते. त्या काळात ती फार कमी खाते. त्यामुळे माद्या आणि पिल्ले यांच्यासाठी अन्नाची चव आणि समूहाचा गंध यांवरच भिस्त ठेवावी लागते.

समूहगंधाचा उगमही लक्षणीय आहे. झुरळे एकत्र जमतात ती मुख्यतः विष्ठेच्या वासामुळे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हा वास आतड्यांतील जिवाणूंनी तयार केलेल्या बाष्पशील आम्लांचा असतो. जिवाणूविरहित अवस्थेत वाढवलेल्या झुरळांच्या विष्ठेकडे पिल्ले फारशी आकर्षित झाली नाहीत.

ग्लुकोज नाकारणारी झुरळे

आमिषाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना फ्लोरिडा राज्यात घडली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तेथील काही सदनिकांत पूर्वी प्रभावी ठरलेले आमिष अचानक निष्फळ ठरू लागले. झुरळांना विष पचू लागले असावे, असा अंदाज प्रथम बांधला जाणे स्वाभाविक होते. परंतु कीटकशास्त्रज्ञ जूल्स सिल्व्हरमन यांनी आमिषातील घटक एकेक करून तपासले, तेव्हा वेगळेच कारण पुढे आले. झुरळे विषाला नव्हे, तर चवीसाठी घातलेल्या ग्लुकोजला टाळत होती. हा गुण आनुवंशिक असल्याचे १९९३ मध्ये जाहीर करण्यात आले.

ही झुरळे ग्लुकोज टाळायला शिकलेली नव्हती. गोड आमिष खाणारी झुरळे मरत गेली आणि जन्मतःच ग्लुकोज नकोसे वाटणारी मोजकी झुरळे मागे राहून वाढली. आमिष जितके व्यापक प्रमाणात वापरले गेले, तितकी ही निवड वेगाने झाली.

यामागील यंत्रणा २० वर्षांनी उलगडली. आयाको वाडा-कात्सुमाता, सिल्व्हरमन आणि कोबी शाल यांनी २०१३ मध्ये झुरळाच्या मुखावरील चेतापेशींचे संदेश मोजले. सर्वसाधारण झुरळात ग्लुकोजमुळे केवळ गोड चवीच्या पेशी उद्दीपित होतात. ग्लुकोज टाळणाऱ्या झुरळांत त्याच ग्लुकोजमुळे कडू चवीच्या पेशीही उद्दीपित होतात आणि कडू संदेशापुढे गोड संदेश दबून जातो.

उत्पादकांनी ग्लुकोजऐवजी फ्रुक्टोजसारख्या अन्य शर्करा वापरण्यास आरंभ केला. तथापि, २००४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांना फ्रुक्टोज, माल्टोज आणि सुक्रोज यांनाही टाळणारी झुरळे आढळली. त्यातच झुरळाची लाळ माल्टोजसारख्या शर्करांचे तोंडातच ग्लुकोजमध्ये रूपांतर करते. त्यामुळे ग्लुकोज टाळणारे झुरळ अशी शर्कराही काही क्षणांत नाकारते, असे २०२१ मधील संशोधनात दिसून आले.

या बदलाचा परिणाम प्रजननावरही झाला. मीलनापूर्वी नर आपल्या पाठीवरील ग्रंथींतून पाझरणारा गोड स्राव मादीला खाऊ देतो. त्यातील माल्टोज मादीच्या लाळेमुळे ग्लुकोज बनते. मादी ग्लुकोज टाळणारी असल्यास ती अर्ध्यावरच निघून जाते, असे २०२२ मध्ये आढळले. त्यानंतरच्या अभ्यासात यावर उपायही झुरळांनीच काढल्याचे दिसले. ग्लुकोज टाळणाऱ्या नरांच्या स्रावात सावकाश विघटन होणारी माल्टोट्रायोज ही शर्करा अधिक असते आणि ते मीलनाची क्रियाही अधिक त्वरेने सुरू करतात.

वापरताना घ्यावयाची काळजी

आमिष हे खाद्य आहे, ही गोष्ट लक्षात ठेवल्यास पुढील नियमांमागील कारण सहज समजते.

जेल एकाच ठिकाणी जास्त न लावता लहान थेंबांच्या रूपात अनेक ठिकाणी लावावी. कपाटांच्या बिजागऱ्या, ओट्याखालच्या फटी, शेगडी आणि शीतकपाटामागची जागा यांसाठी योग्य होय.

जेल लावलेल्या जागी कीटकनाशकाची फवारणी करू नये, तसेच फिनाईल वा साबणाने पुसू नये. त्या वासाने झुरळे आमिषापासून दूर जातात आणि चवही बिघडते.

रात्री उष्टी भांडी, उघडा कचरा आणि ओट्यावरील पाणी ठेवू नये. दुसरे अन्न सहज मिळत असेल, तर उत्तम आमिषही मागे पडते.

बंद खोलीत सोडावयाच्या धुराच्या डब्यांवर विसंबू नये. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा डब्यांनी झुरळे कमी झाली नाहीत, उलट पृष्ठभागांवरील कीटकनाशकाचे अवशेष वाढले. त्याच अभ्यासातील जेल आमिष मात्र प्रभावी ठरले.

झुरळे जेलजवळ येऊन ती न खाता परतत असतील, तर तीच जेल अधिक प्रमाणात लावण्यात अर्थ नाही. अशा वेळी वेगळे विष आणि वेगळा खाद्य-आधार असलेले उत्पादन निवडावे. केवळ विषाचे नाव बदलून भागत नाही.

कीटकनाशक अधिनियम, १९६८ अन्वये नोंदणी झालेलेच उत्पादन घ्यावे. नोंदणी क्रमांक आणि सूचना वेष्टनावर छापलेल्या असतात. आमिष लहान मुले, पाळीव प्राणी आणि अन्नपदार्थ यांपासून दूर ठेवावे.

झुरळांचे नियंत्रण हे केवळ अधिक तीव्र विष शोधण्याचे काम राहिलेले नाही, हे गेल्या चार दशकांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. ज्या चवीवर आमिषाची मदार असते, तीच चव आमिषाच्या वापरामुळे बदलू शकते. त्यामुळे गंध आणि चव देणाऱ्या द्रव्यांचा अभ्यास आणि त्यांत वेळोवेळी बदल करणे यांना आता विषाइतकेच महत्त्व प्राप्त झाले आहे.