रद्दी आणि दुर्मिळ चित्रकथा

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि रुमालांत बांधलेलीं दप्तरें उभीं राहतात. मी आज ज्या वस्तूविषयीं चार शब्द बोलणार आहें ती यांपैकीं कोणत्याच वर्गांत बसत नाहीं. आरंभीं ती साठ पैशांना मिळे, एस. टी. च्या स्थानकावर दोरीला टांगलेली असे, आणि वर्गांत दिसली कीं शिक्षकानें ती हिसकावून घ्यावी असा आमच्या धंद्याचा जुना रिवाज होता. मुलें जिला कॉमिक म्हणतात ती ही चित्रकथेची पुस्तिका. हिची जुनी आणि निर्मळ प्रत आज आपल्याकडे हजारों रुपयांना विकली जाते, आणि परदेशांत तर कोट्यवधींना. हें कसें घडलें, आणि या घडामोडींत माझ्यासारख्यांचा हात कितपत होता, तें सांगण्याचा माझा विचार आहे.

माझें गांव सारोळें. पुण्याहून साताऱ्याच्या वाटेनें निघालें कीं नीरा नदीचा पूल लागतो. त्याच्या अलीकडे, भोर तालुक्यांत, हें गांव आहे. हमरस्त्यावर असल्यामुळें शहरांत जें नवें निघे तें आमच्याकडे लवकर पोहोंचे. मी नऊ-दहा वर्षांचा असतांना माझ्या मामांनीं स्वारगेटच्या स्थानकावरून एक पातळ रंगीत पुस्तिका आणली. मुखवटा घातलेला पुरुष, बोटांत कवटीची आंगठी, आणि आफ्रिकेंतलें कीं आशियांतलें हें कळूं नये असें अरण्य. तो वेताळ. त्या एका प्रतीवर गांवांतील सोळा मुलांनीं आपली हौस भागविली. पंधराव्याकडे ती गेली तेव्हां तिला मुखपृष्ठ उरलें नव्हतें, आणि सोळाव्याला कथेचा शेवट तोंडीं सांगावा लागला.

या वेताळाचें मूळ अमेरिकेंत आहे. ली फॉक या लेखकानें १९३६ मध्यें ‘फँटम’ नांवाचा नायक वर्तमानपत्रांसाठीं निर्माण केला. इंग्रजी वाचणाऱ्या आपल्याकडील घरांत तो प्रथम ‘इलस्ट्रेटेड वीकली’च्या पानांवरून आला. पुढें मार्च १९६४ मध्यें मुंबईच्या बेनेट, कोलमन आणि कंपनीनें ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला काढली. पहिल्या अंकांत वेताळाच्या कमरपट्ट्याची कथा होती. इंग्रजी, हिंदी, मराठी अशा अनेक भाषांतून ही माला वाचकांना मिळाली. मजेची गोष्ट अशी कीं, नायकाच्या देशाचें मूळ नांव ऐकतांच बंगालची आठवण व्हावी असें होतें. तो घोटाळा नको म्हणून आपल्या संपादकांनीं त्याचें ‘डेंकाली’ केलें. जादूगार मॅन्ड्रेक आला. १९७६ मध्यें आबिद सुरती यांनीं कल्पिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनीं रेखाटलेला बहादूर आला. हा मात्र अस्सल देशी. आठशेंच्या वर अंक काढून १९९० मध्यें ही माला बंद पडली.

दुसरी माला ‘अमर चित्र कथा’. ती अनंत पै यांच्या हातीं १९६७ पासून वाढली, आणि राम वाईरकर, पुण्याचे प्रताप मुळीक अशा मराठी चित्रकारांनीं तिचे कित्येक अंक सजविले. पौराणिक आणि ऐतिहासिक कथा म्हणून सुशिक्षित घरांत तिला मज्जाव नव्हता; वेताळाला होता. या मालेचे पहिले दहा अंक राम-कृष्णांचे नव्हतेच. ते पाश्चात्य परीकथांचे होते, आणि वाईरकरांनीं रेखाटलेला ‘कृष्ण’ हा अकरावा. पुढें ते दहा मागें पडले. म्हणून जुन्या मालेचा पहिला अंक शोधावयास भक्तिभावानें निघालेल्या माणसाला आज परदेशी परीकथा भेटते!

आतां बाजाराकडे वळूं. संग्राहक लोक ज्याला ‘व्हेरियंट’ म्हणतात त्याला पोथ्यांच्या भाषेंत पाठभेद म्हणावयास हरकत नाहीं. अंक तोच, पण छपाईंत कोठें तरी फरक. १९७७ सालीं अमेरिकेंतील मार्व्हल कंपनीला आपल्या अंकांची किंमत ३० सेंटांवरून ३५ वर न्यावयाची होती. गिऱ्हाईक बिथरतें कीं काय हें अजमावण्यासाठीं तिनें मोजक्या ठिकाणीं तेच अंक ३५ सेंट छापून आधीं विकावयास पाठविले. चित्रें तींच, कथा तीच, फरक पांच सेंटांचा. परंतु ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या अंकाची ती ३५ सेंटांची प्रत आज तिच्या स्वस्त बहिणीच्या अनेक पटींनीं महाग आहे. हें ऐकून हसूं येईल; पण आमच्याकडे शिवराईचेंहि असेंच आहे. तांब्याच्या त्या नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं अक्षरें असतात. तरी तीं इतक्या निरनिराळ्या हातांनीं आणि इतक्या वळणांनीं कोरलीं गेलीं आहेत कीं नाण्यांचे शोधक त्यांचे प्रकार मोजीत बसतात. एखाद्या वेलांटीच्या वळणासाठीं माणूस पैसे मोजतो, तर पांच सेंटांसाठीं कां मोजूं नयेत?

आपल्याकडील पुस्तिकांत असे भेद मुद्दाम केलेले नव्हते. ते आपोआप पडले. अमर चित्र कथेचे अंक पुन्हां पुन्हां छापले गेले. जाणकार मनुष्य छापील किंमत पाहतो, प्रकाशकाचा पत्ता पाहतो, आणि अंक उलटा करून मागील अंकांची यादी वाचतो. यादींत पंचावन्नावा अंक असेल तर हातांतली प्रत त्याच्या आधींची नव्हे, हें सांगावयास पुरातत्त्वाची पदवी लागत नाहीं. ज्या बुद्धीनें आपले संशोधक कागदावरील शक आणि मोर्तब ताडून पाहतात, तीच बुद्धि येथें राबते. इंद्रजालच्या मराठी प्रती शोधणारे लोक तर एकेका अंकासाठीं वर्षेंच्या वर्षें रद्दीच्या दुकानांचे उंबरे झिजवितात.

प्रत दुर्मिळ असणें वेगळें आणि ती निर्मळ असणें वेगळें. या धंद्यांत खरी किंमत दुसऱ्या गुणाला आहे. २००० सालीं अमेरिकेंत सर्टिफाइड गॅरंटी कंपनी निघाली. ती अंक तपासून त्याला दहापैकीं गुण देते आणि तो प्लॅस्टिकच्या पेटींत कायमचा बंद करते. सुपरमॅनची पहिली कथा जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’मध्यें आली, अंकाची किंमत होती १० सेंट. त्याची ९ गुणांची एक प्रत २०१४ मध्यें ३२ लाख डॉलरांना गेली, आणि ८·५ गुणांची दुसरी २०२४ मध्यें ६० लाखांना. आयुष्यभर पोरांच्या निबंधांना दहापैकीं गुण देणाऱ्या मला अर्ध्या गुणाची अशी थोरवी कधीं ठाऊक नव्हती.

एवढी किंमत येण्याचें कारण उघड आहे. या वस्तु टिकाव्या म्हणून केलेल्याच नव्हत्या. लांकडाच्या लगद्याचा हलका कागद उन्हानें आणि हवेनें पिवळा पडून तुटूं लागतो. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील मुलांनीं आपले गठ्ठेच्या गठ्ठे लढाईच्या कामासाठीं रद्दींत दिले. ज्या थोड्या वांचल्या त्यांत डेन्व्हरच्या एडगर चर्च या चित्रकाराच्या घरीं १९७७ मध्यें सांपडलेला सांठा प्रख्यात आहे. अठरा ते बावीस हजारांच्या दरम्यान अंक, एकावर एक घट्ट रचलेले, कोरड्या हवेच्या गांवांत, अंधाऱ्या खोलींत. त्यांचे रंग कालच्या छपाईसारखे होते. आमच्या भोरकडच्या पावसांत अशी प्रत राहणें अशक्य. येथें पहिल्या दोन पावसाळ्यांत तारेच्या टांचण्या गंजतात आणि मधल्या पानावर तांबूस डाग उमटतो. मग कसर लागते. आणि कसरीनें सोडलें तें वाळवी नेते. शिवाय माणसें आहेतच. दहा पैसे रोजानें पुस्तकें देणारे वाचनालयवाले तीन-तीन अंक दाभणानें एकत्र शिवीत, वर शिक्का मारीत. मुलें शब्दकोडीं सोडवीत, जाहिरातींचीं कुपनें कापीत, आणि वेताळाला मिशा काढीत.

दुर्मिळपणा मुद्दाम घडवितां येईल असेंहि कांहीं प्रकाशकांना वाटलें. १९९१ मध्यें मार्व्हलनें ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक पांच निरनिराळ्या मुखपृष्ठांनीं काढला आणि त्याच्या ८० लाखांवर प्रती खपविल्या. लोकांनीं पांचहि घेतले, न वाचतां ठेवले, आणि मुलांच्या शिक्षणाची सोय झाली असें मानलें. ज्या वस्तूच्या ८० लाख प्रती लोक काळजीनें जपून ठेवतात ती दुर्मिळ होणार तरी केव्हां? दोन-तीन वर्षांत बाजार कोसळला, दुकानें बंद पडलीं, आणि १९९६ च्या अखेरीस खुद्द मार्व्हललाच दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला.

आतां माझा स्वतःचा भाग. १९८० नंतरच्या दहा वर्षांत मी प्राथमिक शाळेंत शिकवीत होतों. वर्गांत वेताळ सांपडला कीं मी तो घेत असें, मुखपृष्ठावर तांबड्या शाईनें ‘जप्त’ असें लिहून खालीं तारीख व सही करीत असें, आणि वर्षअखेरीस परत देत असें. एके वर्षीं मात्र मनांत राग होता म्हणून गठ्ठाच्या गठ्ठा रद्दीवाल्याच्या तागडींत घातला. त्याचे किती पैसे आले तें आठवत नाहीं. खडूच्या दोन पेट्या आल्या एवढें आठवतें.

चार वर्षांपूर्वीं एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. पुण्यास चांगल्या नोकरीवर आहे, आणि फावल्या वेळांत असल्या पुस्तिका घेतो व विकतो. पिशवींतून त्यानें पारदर्शक पाकिटांत घातलेला एक अंक काढून माझ्यापुढें ठेवला. टांचण्यांना गंज नव्हता, कोपरे टोंकदार होते, रंग ताजे होते. आणि बरोबर वेताळाच्या छातीवर माझी तांबडी सही.

“गुरुजी, एवढ्या या शाईमुळें निम्मे पैसे गेले बघा,” तो हसत म्हणाला.

“अरे, मग विकून कां टाकत नाहींस?”

“विकायला आणलाच नाहीं. तुमच्या टेबलाच्या खणांत आठ महिने राहिला म्हणून एवढा चांगला राहिला. माझ्याकडे असता तर तेव्हांच फाटला असता.”

त्याच्या या बोलण्यानें मला बरें वाटलें कीं वाईट, हें मला अजून नीट सांगतां येत नाहीं. मीं त्याला विचारलें कीं वस्तूवर प्रेम असेल तर तिचा बाजार कशाला? राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून कागद जमविले, ते विकण्यासाठीं नव्हे. तो म्हणाला, “गुरुजी, मराठी वेताळासाठीं राजवाडे कोठून आणायचे? भाव आला तेव्हां रद्दीवाला गठ्ठा बाजूला काढून मला फोन करूं लागला. त्याच्या आधीं तो किलोवर जात होता.” याला मजजवळ उत्तर नव्हतें. आमच्या शाळेच्या कपाटांतहि त्या पुस्तिकांना जागा नव्हती. ती आम्हींच दिली नाहीं.

तरी या धंद्याचें सर्वच मला पसंत आहे असें नाहीं. नव्या टांचण्या मारून, फाटका कोपरा चिकटवून, रंगीत झेरॉक्सचें मुखपृष्ठ चढवून जुनी म्हणून विकणारे भामटे त्यांत आहेत. माझ्या विद्यार्थ्यानेंहि एकदां हात पोळून घेतले आहेत. तो आतां अंक घेण्यापूर्वीं टांचणीचीं भोकें भिंगानें पाहतो. आणि पेटींत बंद केलेला अंक, जो कोणी पुन्हां उघडणार नाहीं, त्याला पुस्तक म्हणावें कीं नाहीं, याविषयीं आमचा वाद अजून मिटलेला नाहीं.

जातां जातां त्यानें विचारलें, “आणखी कांहीं उरलेत का, गुरुजी?” उरले होते. जुन्या ट्रंकेच्या तळाशीं, धोतराच्या फडक्यांत, तीन अंक निघाले, तीनहि मराठी. त्यानें तिन्हींची मिळून जी किंमत सांगितली ती माझ्या पहिल्या वर्षाच्या पगाराहून अधिक होती. परंतु तीं पुस्तकें माझीं नव्हतीं. आंतल्या पानावर मुलांचीं नांवें होतीं. तेव्हां मीं जुन्या हजेरीपटावरून आणि गांवांतल्या लोकांकडून पत्ते काढले. एक जण वाईला आहे. त्याला अंक पोंचला आणि त्यानें तो आपल्या नातीला वाचावयास दिला असें कळवलें. मला जरा धक्का बसला, कारण टांचण्या अगदीं निर्मळ होत्या. दुसऱ्यानें उलट टपालीं लिहिलें कीं विकून टाका आणि पैसे शाळेला द्या, त्याप्रमाणें केलें. तिसरा अंक अजून माझ्यापाशींच आहे. त्यावर ‘दत्तू, इयत्ता चौथी’ एवढेंच लिहिलेलें आहे, आणि पुढचें आडनांव माझ्याच तांबड्या शाईखालीं गेलें आहे.