ईस्टरचे रंगीत अंडे आणि चुलीवरचा रंग

२०२४ साली रंगपंचमी ३० मार्चला आली आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ मार्चला, ईस्टरचा रविवार होता. असा योग दर वर्षी येत नाही. तथापि या दोन सणांचा शेजार केवळ योगायोगाचा नाही. होळी फाल्गुनी पौर्णिमेची, तर ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा पहिला रविवार. दोघांचेही पंचांग चंद्राच्या हाती आहे. आणि दोन्ही सणांत रंगाचे भांडे घरच्या चुलीवर चढत असे. आज त्या भांड्याचीच हकीगत आम्ही मांडणार आहोत.

येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला अंडेच का, असा प्रश्न कुणीही विचारील. अंड्याच्या कवचातून जीव बाहेर येतो, तसा प्रभू कबरीतून उठला, हे धर्माचे उत्तर. ग्रीक आणि रशियन ख्रिस्ती घरांतून अंडी लाल रंगवतात, ती ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. पण स्वयंपाकघराचेही एक उत्तर आहे, आणि आम्हांस ते कमी मोलाचे वाटत नाही. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मध्ययुगीन युरोपात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबडी मात्र उपास पाळत नाही! घरात अंडी साठत जात. उकडून ठेवली तर टिकत, आणि सण उजाडला की ती वाटावी लागत. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या घरखर्चात ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स मांडलेले आहेत. म्हणजे पेनीला पंचवीस अंडी. ती रंगवून, काहींना सोन्याचा वर्ख लावून राजाने आपल्या परिवारात वाटली. सातशे वर्षांनंतरही राजाचे नाव आपण घेतो. अंडी ज्यांनी उकडली त्यांचे कुणाला ठाऊक नाही. असो.

गरिबाघरचा रंग याहून सोपा होता. कांद्याची सुकी टरफले मूठभर घेऊन पाण्यात टाकावी, त्यातच अंडी उकडावी, की कवच तांबूस-तपकिरी होते. आर्मेनियापासून पूर्व युरोपापर्यंत ही रीत आहे. एखादे कोवळे पान अंड्यावर ठेवून वर फडके घट्ट बांधले, तर पानाची नक्षी उमटते. वाळल्यावर तेलाचा हात फिरवला की चकाकी येते. कवच हे चुन्याच्या दगडाच्या जातीचे, म्हणून पाण्यात थोडा शिरका घालतात. त्या आंबटपणाने कवचावरचे पातळ पापुद्रे रंग धरतात. आमच्या आयाबहिणींना हे शास्त्र नवे वाटू नये. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत होते.

मुंबई-गोव्याकडे ईस्टरचे अंडे म्हणजे बहुधा बेकरीतले, बदामाच्या नाहीतर काजूच्या लगद्याचे, साखरेची फुले काढलेले. ते खायला उत्तम, पण त्यात घरच्या रंगाचे काम उरत नाही. ती कला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शोधायची तर होळीकडेच वळावे लागते. माघ-फाल्गुनात केळापूर, वणी, पुसद या बाजूंचे रान पळसाने पेटल्यासारखे दिसते. फुले वेचावी, रात्रभर भिजवावी किंवा सरळ उकळावी, की केशरी पाणी तयार. चिमूटभर चुना टाकला तर रंग गडद होतो. खर्च काही नाही. लागतात हात आणि सवड.

फुलाचा रंग दोन दिवसांचा. कापडावर टिकणारा लाल मिळे तो आलाच्या, म्हणजे बारतोंडीच्या, मुळांतून. मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीत आलाची शेती होई. तीन वर्षे झाड वाढवायचे, मग खोल खणून मुळे काढायची. बारीक मुळांना भाव अधिक. रंगारी तुरटीच्या साह्याने तो लाल रंग जाड्याभरड्या कापडावर बसवीत. शेतकरी, खणणारा मजूर, रंगारी अशी सगळी पोटे त्या एका मुळावर भरत.

त्या मुळावर घाव पडण्याची सुरुवात, गंमत पहा, ईस्टरच्याच सुटीत झाली. १८५६ सालच्या त्या सुटीत विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी लंडनच्या पूर्व भागातील आपल्या घरी कोळशाच्या डांबरापासून हिवतापावरचे क्विनीन बनवू पाहत होता. क्विनीन झाले नाही. भांड्यात जांभळा रंग उरला. पुढे १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतला लाल रंगच प्रयोगशाळेत घडवला. तो बाजारात स्वस्तात आला, आणि तीन वर्षे जमीन अडवणाऱ्या आलाला गिऱ्हाईक राहिले नाही. १८९७ साली जर्मन कारखान्याची नीळ विकावयास आली.

अंड्याच्या रंगाचेही दुकान याच काळात निघाले. अमेरिकेत न्यूअर्क गावच्या विल्यम टाउनली या औषधविक्याने १८८०च्या सुमारास अंडी रंगवण्याच्या तयार रंगाच्या पुड्या काढल्या. किंमत पाच सेंट. कांद्याची टरफले साठवणारी आजी मागे पडली. पळसाचेही तेच झाले. पुडीचा रंग आला, आणि फुले झाडाखालीच वाळू लागली.

आम्ही जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत आयुष्य घालवलेले, त्यामुळे पुडी हातात आली की ती कुणी भरली हा विचार आधी येतो. पुडी सोयीची आहे, मुलाबाळांना आनंद देते, हे आम्ही नाकारीत नाही. पण १८९५ साली फ्रँकफुर्टचे शस्त्रवैद्य लुडविग रेन यांनी दाखवून दिले, की किरमिजी फुक्सीन रंगाच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होत आहेत. १९०७ साली अमेरिकेच्या सरकारने खाद्यपदार्थांसाठी सातच डांबरी रंग मान्य केले. खाणाऱ्याची काळजी अशी घेतली गेली. रंग करणाऱ्याची पाळी सावकाश आली. आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीने १९२१ साली या रोगावर अहवाल काढला, आणि ब्रिटनमध्ये नुकसानभरपाई मिळणाऱ्या धंदेवाईक रोगांच्या यादीत तो दाखल झाला तो १९५३ साली. रेन यांच्या निवेदनाला तेव्हा अठ्ठावन्न वर्षे झाली होती.