वऱ्हाडातलं छत: धाबं, टीन, स्लॅब आणि आता सोलर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढलीय, बाकी सूर तसाच ठेवलाय.

हा इतिहासाचा पॉडकास्ट असला तरी हल्ली अमरावती-अकोल्याकडचे श्रोते मला एक भलताच प्रश्न विचारतात: "घरावर सोलर बसवू का?" मी काही इंजिनीअर नाही. पण हा प्रश्न छताचा आहे, आणि वऱ्हाडातल्या छताला चांगला मोठा इतिहास आहे. तो माहीत असला तर सोलरवाल्याला काय विचारायचं हे तरी कळेल, म्हणून आजचा भाग.

सुरुवात आकाशापासून करू. अकोला आणि अमरावती ही दोन्ही शहरं साधारण 21 अंश उत्तर अक्षांशाच्या जरा अलीकडे येतात. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथं सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो. पहिल्यांदा मेच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास, दुसऱ्यांदा जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला. पण तेव्हा ढग असतात, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. मेमधला दिवस मात्र बघा कुठं येतो. 25 मेच्या सुमाराला सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि आपल्याकडे नवतपा सुरू होतो. म्हणजे आपल्या आजीनं ज्या नऊ दिवसांची धास्ती घेतली होती, त्याच दिवसांत भरदुपारी खांबाची सावली खांबाच्या पायाशी गोळा होते.

याचा घराशी संबंध असा. सूर्य डोक्यावर असला की दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या भिंतींना ऊन जवळजवळ लागतच नाही. पूर्व-पश्चिमेला सकाळ-संध्याकाळ लागतं. उरलेला सगळा मार छतावर. मेमध्ये दुपारी स्वच्छ आकाश असेल तर एका चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं. तुमची बेडरूम तीन बाय चार मीटरची असेल, तर तिच्या डोक्यावर बारा हजार वॅट. घर बांधणाऱ्यासमोर वऱ्हाडात पहिला प्रश्न छताचाच होता, आणि जुन्या लोकांनी तो ओळखला होता.

त्यांचं उत्तर म्हणजे धाब्याचं घर. आज हे शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच उरलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जाडजूड मातीच्या किंवा विटांच्या भिंती, त्यावर सागवानी तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काड्यांचा थर, पाला, आणि त्यावर वीतभर किंवा जास्तच माती. ही माती कुठलीही चालत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, तिचं छत केलं तर पहिल्याच झडीत अंगावर येईल. म्हणून गावठाणाची पांढरी माती किंवा खारी माती. पूर्णाकाठच्या आपल्या खारपाणपट्ट्यात शेतकऱ्याला रडवणारा जो खारटपणा, तोच छतावर उपयोगाला येतो: सोडियम असलेल्या मातीचे बारीक कण ओले झाले की सुटे होतात, छिद्रं बुजवतात आणि पाणी खाली उतरू देत नाहीत. हे रसायनशास्त्र कोणी शिकवलं नव्हतं. मृगाच्या आधी छतावर माती टाकून चोपायची, एवढं ठाऊक होतं.

आता उष्णतेचं बघा. जाड मातीच्या थराला वरून तापून आतपर्यंत उष्णता पोचवायला दहा-बारा तास लागतात. दुपारी दोनचं ऊन घरात पोचेपर्यंत मध्यरात्र उलटून जाते. तेव्हा बाहेरची हवा उतरलेली असते, दारं उघडी असतात, आणि घरातली माणसं बाज टाकून अंगणात नाहीतर छतावर झोपलेली असतात. घर तापतं त्या वेळी घरात कोणी नसतं. दुपारी माजघरात अंधार, दारं बंद, जमीन शेणानं सारवलेली. विजेच्या एका युनिटाशिवाय दुपार निघायची.

मी या घरांच्या प्रेमात पडून बोलतोय असं समजू नका. धाबं गळतं. विंचू निघतात, वाळवी लागते. लागोपाठ चार दिवस पाऊस लागला की जुनी भिंत खचते आणि माणसं दगावतात, अशा बातम्या अजूनही येतात. शिवाय दरवर्षीचं सारवण-पोतारा बायकांच्याच वाट्याला. ज्यांनी पहिली संधी मिळताच धाबं पाडून स्लॅब टाकला, त्यांच्याकडे चांगली कारणं होती.

धाब्याबरोबर आणखी एक गोष्ट होती, ती आजच्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे: मांडव. उन्हाळा लागला की घरासमोर लाकडाच्या मेढी रोवायच्या आणि वर तुराट्या, पऱ्हाट्या टाकायच्या. शेतातला कचराच तो. पण त्या खालची जमीन तापायची नाही, आणि मांडव व जमीन यांच्यामधून वारा वाहत राहायचा. ऊन घराला लागण्याआधीच अडवायचं आणि मधे हवेला वाट ठेवायची. हे तत्त्व लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

सत्ताधाऱ्यांचे उपाय वेगळे होते. अचलपूरजवळ हौज कटोरा आहे, तळ्याच्या मधोमध बांधलेला अष्टकोनी मनोरा. पाण्यावरून येणारी हवा गार होऊन आत यावी, अशी ती बांधणी आहे. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं, साहेब लोकांनी कॅम्पात उंच छताचे, रुंद व्हरांड्याचे बंगले बांधले, दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यावर पाणी मारायला माणसं ठेवली, आणि तेवढ्यानंही भागेना तेव्हा चिखलदऱ्याला निघून गेले. वाळ्याची ताटी म्हणजे आपल्या कूलरची आजीच. हवा कोरडी असेल तरच हा उपाय चालतो, म्हणून मुंबईत कूलर कामाचा नाही आणि अकोल्यात त्याच्याशिवाय चालत नाही.

आतापर्यंतची ही सगळी गोष्ट ऊन चुकवण्याची. ऊन पकडण्याची गोष्ट वेगळ्या रस्त्यानं आली, आणि तिचा एक धागा चक्क मुंबईत सापडतो. मुंबई हायकोर्टात विल्यम ॲडम्स नावाचे एक डेप्युटी रजिस्ट्रार होते. त्यांनी कुलाब्यात लाकडी चौकटीवर लहान लहान सपाट आरसे बसवले, त्यांचा उजेड एका बॉयलरवर पाडला आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचं इंजिन चालवून दाखवलं. 1878 मध्ये त्यांचं पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झालं. विषय होता उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरणं. मुंबईला कोळसा बाहेरून आणावा लागतो, तो महाग पडतो आणि वर ऊन फुकट जातंय, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी दहाएक वर्षं, 1867 मध्ये, रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोचली होती आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे धावत होता. कापूस आपला, ऊनही आपलं, पण गिरणी चालली कोळशावर. ॲडम्सची कल्पना कोणी पुढे नेली नाही.

मग काय झालं? मधली शंभर वर्षं भरभर सांगतो. पन्हाळी पत्र्याचं पेटंट लंडनमध्ये 1829 मध्ये घेतलं गेलं, आणि पुढे तो पत्रा आपल्याकडे जिनिंगच्या शेडवरून गरिबाच्या घरावर आला. आपण त्याला टिन म्हणतो. तो गळत नाही, वाळवी लागत नाही, दोन माणसं एका दिवसात बसवतात. पण त्याला उष्णता अडवणं ठाऊकच नाही. दहा मिनिटांत वरचं ऊन खाली. कवेलूंच्या फटीतून निदान हवा तरी जायची.

आणि मग स्लॅब. माझ्या मते आपल्या गावांचा चेहरा बदलणारं साल म्हणजे 1982. तोवर सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, परवान्याशिवाय पोतं मिळत नसे. 1982 मध्ये ते अंशतः उठलं, 1989 मध्ये पूर्ण. त्यानंतरच्या वीस वर्षांत वऱ्हाडात धाबी पडली आणि चार-पाच इंची स्लॅब आले. स्लॅबमधून उष्णता उतरायला तीन-चार तास लागतात. दुपारी दोनचं ऊन संध्याकाळी पाच-सहाला खोलीत येतं, नेमकं माणसं कामावरून घरी येतात तेव्हा, आणि मध्यरात्रीपर्यंत छत अंगावर आग ओकतं. छताचा हा दोष पंखा आणि कूलर झाकत होते, आणि त्यांना वीज पुरवत होता कोळसा. अकोल्याशेजारच्या पारसला 1960च्या दशकात औष्णिक केंद्र आलं, आज तिथं 250 मेगावॅटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठेला 270 मेगावॅटचे पाच संच आहेत. दोन्ही जिल्ह्यांच्या डोक्यावर एवढं ऊन, आणि घर थंड ठेवायला दोन्हीकडे कोळसा जाळायचा. दोन हजारच्या दशकात भारनियमन सुरू झालं तेव्हा घराघरांत पहिल्यांदा कळलं, की आपला स्लॅब विजेशिवाय राहण्यासारखा नाही.

आता सोलर. अमेरिकेतल्या बेल लॅबनं 1954 मध्ये पहिला कामाचा सिलिकॉन सेल दाखवला, तो उन्हातली सहा टक्के ऊर्जा विजेत बदलायचा. आजचे पॅनल वीस टक्क्यांच्या पुढे आहेत. महाराष्ट्रात 2015 मध्ये नेट मीटरिंगचे नियम आले, म्हणजे दिवसा जादा झालेली वीज महावितरणला द्यायची आणि ती बिलातून वजा व्हायची. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली: दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30,000 रुपये, तीन किंवा जास्त किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान. ऊन चुकवणारी गोष्ट आणि ऊन पकडणारी गोष्ट, दोन्ही अखेर एकाच गच्चीवर आल्या.

पण त्या एकमेकींशी बोलत नाहीत, ही माझी तक्रार. सोलरवाला येतो, बिल बघतो, "तीन किलोवॅट लागेल" सांगतो. छत कसं आहे, खालची खोली किती तापते, हे कोणी विचारत नाही. जरा हिशोब करा. तीन किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीनं दिवसाला बाराएक युनिट देतो. दीड टनाचा एसी तापलेल्या स्लॅबखाली तासाला एक-सव्वा युनिट खातो, रात्रभर चालला की सगळा संच त्यातच गेला. कूलर बारा तासांत दोन-अडीच युनिटांवर भागवतो. पण छत तापलेलं असेल तर नुसत्या कूलरवर झोप येत नाही, म्हणून एसी येतो. म्हणजे किती पॅनल लागतील हे बिल ठरवत नाही, छत ठरवतं.

आणि इथं मांडव परत येतो. पॅनल छतापासून उंच बसवलं, तर ते वीज तर देतंच, शिवाय स्लॅबवर सावली धरतं आणि खालून वारा खेळतो. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये हे मोजून प्रसिद्ध केलं: पॅनलखालच्या छतात शिरणारी उष्णता सुमारे 38 टक्क्यांनी कमी झाली होती. तिथलं हवामान आपल्यासारखं नाही, त्यामुळे तोच आकडा अकोल्याला चिकटवू नका. दिशा मात्र तीच राहणार. हवेची वाट पॅनललाही हवी असते. सिलिकॉनचं पॅनल 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी देतं, आणि मेमध्ये आपल्याकडे ते 65-70 अंशांपर्यंत सहज तापतं. स्लॅबला चिकटवून बसवलेलं पॅनल स्वतःही भाजतं.

हल्ली बरेच जण सात-आठ फुटांचं उंच स्ट्रक्चर मागतात, खाली वाळवणं घालता यावीत, कार्यक्रम करता यावा म्हणून. चांगलंच आहे, आपसूक मांडव होतो. लोखंडाचा खर्च वाढतो, आणि मे-जूनच्या वादळात वारा खालून उचलतो, म्हणून पाया आणि नटबोल्ट यात काटकसर नको. पॅनल कुठं बसवायचं हेही आपण सांगायचं. दक्षिणेकडे वीसेक अंशांचा कल ठेवून, शक्य असेल तर झोपायच्या खोलीच्या डोक्यावर; जिन्याच्या टॉवरवर बसवून सावली वाया घालवू नका. उरलेल्या गच्चीला चुना किंवा फुटक्या पांढऱ्या टाइल्स. हे सगळं नकाशा काढतानाच ठरवलं तर स्ट्रक्चरचे खांब कॉलमवरच येतात, नंतर स्लॅबला भोकं पाडावी लागत नाहीत.

कायदा याबाबत काय म्हणतो? 2018 मध्ये केंद्रानं इको निवास संहिता आणली. राहत्या घराच्या छतातून किती उष्णता आत येऊ द्यायची याची मर्यादा त्यात आहे, आणि आपला उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त उष्णता आत सोडतो. पण ही संहिता 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी आहे. अकोल्या-अमरावतीच्या लेआउटमधला नेहमीचा प्लॉट 1,500 चौरस फुटांचा, म्हणजे 140 चौरस मीटरसुद्धा नाही. ज्या घरांत बहुतेक लोक राहतात, ती सगळी यातून बाहेर.

योजनेतूनही बरेच बाहेर राहतात. भाडेकरूच्या हातात गच्ची नसते. फ्लॅटवाल्यांची गच्ची सामायिक, तिथं सोसायटीची संमती लागते. आणि टिनाच्या घरातल्या माणसाच्या पत्र्याला बहुतेक वेळा पॅनलचं वजन पेलत नाही. सगळ्यात जास्त तापणारं छत त्याचं, आणि अनुदान नेमकं त्याच्यापर्यंत पोचत नाही. अहमदाबादनं 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी रंगवायला घेतली. आपल्या दोन्ही महापालिकांनी फेब्रुवारीतच पत्र्यांवर चुना मारायला सुरुवात करायला हरकत नाही. एका घराला येणारा खर्च सोलरच्या अनुदानापुढे किरकोळ आहे. तोवर ज्यांच्या शेतात तूर आहे, त्यांनी यंदाच्या तुराट्या जाळू नका. पत्र्याच्या वर हातभर जागा सोडून त्या टाका, घट्ट बांधा, चूल आणि विजेच्या तारेपासून लांब ठेवा, आणि पावसाआधी उतरवा.

पुढच्या भागात जिनिंग-प्रेसिंगच्या जुन्या शेडकडे वळू. तुमच्या गावात धाब्याचं घर अजून उभं असेल, तर त्याच्या छतावर कोणती माती टाकतात ते विचारून मला नक्की कळवा.